प्रार्थना, जागृती आणि देवाची प्रेमळ शिस्त : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील खेड्यांमध्ये ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली आहेत. एखाद्या गावात चार घरे, पुढच्या गावात दोन, आणि पाळकसाहेब तालुक्याच्या ठिकाणाहून महिन्यातून एखाद-दुसऱ्या रविवारी येणार, अशी बहुतेक ठिकाणची स्थिती आहे. त्यामुळे मनात आलेला प्रश्न पुष्कळदा मनातच राहतो, किंवा कोणीतरी दिलेल्या अर्धवट उत्तरावर भागवावे लागते. उपासनेनंतर, घरगुती प्रार्थनासभेत आणि दुखवट्याच्या घरी जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरे येथे पवित्र शास्त्राच्या आधाराने दिली आहेत. संदर्भ उघडून पाहावेत, आणि एखादे उत्तर वचनाशी जुळत नाही असे वाटले तर वचन धरून ठेवावे. वाचक कोणत्या मंडळीचे आहेत याने येथे फारसा फरक पडत नाही. सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच स्थापन झाली, त्यामुळे वेगवेगळ्या परंपरांच्या विश्वासीयांनी एकत्र गुडघे टेकणे आपल्या भागाला नवे नाही.

देवाची शिस्त म्हणजे देवाने केलेली शिक्षाच ना?

इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा बारावा अध्याय या विषयाचा मुख्य आधार आहे. हे पत्र ज्यांना लिहिले ते लोक निर्ढावलेले पापी नव्हते. विश्वासामुळे त्यांची निंदा झाली होती, त्यांची मालमत्ता लुटली गेली होती (इब्री १०:३२-३४), आणि आता ते थकून मागे फिरण्याच्या बेतात होते. अशा थकलेल्या माणसांना लेखक नीतिसूत्रे ३:११-१२ ची आठवण देतो की, ज्याच्यावर प्रभू प्रीती करतो त्यालाच तो शिस्त लावतो, आणि बाप जसा आपल्या आवडत्या मुलाशी वागतो तसा तो आपल्याशी वागतो. म्हणजे शिस्त हा आपण देवाची मुले असल्याचा पुरावा म्हणून पुढे केला आहे. देवाने टाकून दिल्याची खूण म्हणून तिचा उल्लेख तेथे कोठेही नाही.

पापाची भरपाई करून घेणे हा या शिस्तीचा हेतू नाही. ती भरपाई ख्रिस्ताने वधस्तंभावर केली, आणि जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना आता दंडाज्ञा नाही (रोमकरांस ८:१). इब्री १२:१० हेतू स्पष्ट सांगते: आपण त्याच्या पवित्रतेचे वाटेकरी व्हावे. शिस्त त्या वेळी आनंदाची वाटत नाही, दुःखाची वाटते, हेही पुढचेच वचन मान्य करते. म्हणून दुःख होत असताना हसतमुख राहण्याची सक्ती कोणी कोणावर करू नये.

यंदा बोंडअळीने पऱ्हाटी (कपाशी) गेली, वरून कर्ज. ही देवाची शिस्त समजायची का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि याचे उत्तर घाईने देणाऱ्यांनी आपल्या भागात फार नुकसान केले आहे.

येशूच्या काळी शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती माणसे यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हांला वाटते काय, असे येशूने विचारले आणि स्वतःच 'नाही' म्हणून सांगितले (लूक १३:४-५). जन्मांध माणसाला पाहून पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले तेव्हाही त्याने ती दोन्ही उत्तरे नाकारली (योहान ९:३). ईयोबाच्या मित्रांनी त्याच्या दुःखाचे कारण त्याच्या पापात शोधले. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावला आणि त्यांच्यासाठी ईयोबाने प्रार्थना करावी असे त्याने सांगितले (ईयोब ४२:७-८). २०१७ च्या हंगामात बीटी कपाशीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीने विदर्भातली कापसाची शेते पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या घरांच्या ओसरीवर बसून "देवाची शिस्त असते" असे म्हणणाऱ्याने लुकाचा तेरावा अध्याय वाचलेला नाही, असेच समजावे.

अळीची कारणे अळीत, बियाण्यात आणि हवामानात शोधावीत. देव नीतिमान आणि अनीतिमान दोघांवरही पाऊस पाडतो (मत्तय ५:४५), त्यामुळे धुऱ्याच्या (बांधाच्या) अलीकडचे पीक गेले आणि पलीकडचे वाचले यावरून कोणाच्या आत्मिक स्थितीचा अंदाज बांधता येत नाही. बियाणे बोगस निघाले असेल किंवा सावकाराने कागदावर भलताच आकडा लिहून घेतला असेल, तर तो माणसाने केलेला अन्याय आहे; त्याविरुद्ध तक्रार करणे, पंचनामा मागणे, कायद्याचा आधार घेणे यात देवाची अवज्ञा मुळीच नाही.

असे असूनही, ज्याचे पीक गेले तो स्वतः देवापुढे बसून "प्रभू, या दिवसांत तू मला काय शिकवू पाहतोस?" असे विचारू शकतो, आणि त्याला उत्तर मिळते. कोणाला आपला भरवसा कशावर होता हे कळते, तर कोणाला ज्या भावाशी अबोला धरला होता त्याच्याच बैलजोडीची गरज पडते. हे संकट का आले, आणि या संकटात मी देवाबरोबर कसा चालू, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर बहुधा मिळत नाही; दुसऱ्याचे मिळते. शिस्त ही ज्याची त्याने आपल्यापुरती देवापुढे ओळखायची गोष्ट आहे, शेजाऱ्याविषयी जाहीर करायची नव्हे. या संपूर्ण विषयात एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर हीच ठेवावी.

हबक्कूकाची प्रार्थना (३:१७-१८) अशा वर्षी घरात मोठ्याने वाचावी. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत, असा सगळा तोटा तो एकेक करून देवापुढे मांडतो, त्यातले काहीही लपवत नाही, आणि मग मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन असे म्हणतो.

मग देव मला काही सुधारायला सांगत आहे हे ओळखायचे कसे?

पवित्र आत्मा पाप दाखवतो तेव्हा बहुतेक वेळा तो नेमकी गोष्ट दाखवतो. नाथान संदेष्टा दावीदाकडे आला तेव्हा "तू वाईट राजा आहेस" असे मोघम बोलला नाही. उरीयाचा खून आणि त्याच्या बायकोचे अपहरण ही दोन कृत्ये त्याने नाव घेऊन सांगितली, आणि दावीदाने कबूल करताच क्षमेचेही सांगितले (२ शमुवेल १२). याउलट "तू कधीच सुधारणार नाहीस, तुझी प्रार्थना देव ऐकणार नाही" असा आवाज मनात घुमत असेल तर तो देवाचा नसतो, कारण त्यात करण्यासारखे काहीच सांगितलेले नसते आणि परत येण्याची वाटही ठेवलेली नसते.

आपल्याकडे वारंवार घडणारे एक उदाहरण घेऊ. नांगरणीच्या वेळी दरवर्षी एखादे तास (नांगराची ओळ) पलीकडे सरकवत एखाद्याने शेजाऱ्याचा धुरा हातभर आत नेला आहे. मोजणी झालेली नाही आणि शेजारीण विधवा आहे, त्यामुळे बोलणारे कोणी नाही. हा माणूस संध्याकाळी प्रार्थनेला बसतो आणि "आमचे अपराध आम्हांस सोड" या वाक्याशी येताच त्याच्या डोळ्यांपुढे तो धुरा येतो. तो प्रार्थना लांबवतो, गाणी वाढवतो, तरी धुरा हलत नाही. हीच शिस्त आहे. पूर्वीची मेर सरकवू नको, असे नीतिसूत्रे २२:२८ सांगते, आणि पुढच्याच अध्यायात अनाथांच्या शेतात शिरू नको, कारण त्यांचा कैवारी बलवान आहे, असेही बजावते (२३:१०-११). येथे आणखी उपवासाची गरज नाही. पेरणीच्या आधी धुरा जागच्या जागी घालावा, इतक्या वर्षांच्या पिकाचे काय ते शेजारणीशी बोलून मिटवावे, आणि मग प्रार्थनेला बसावे. स्तोत्र ३२ मध्ये दावीद सांगतो की, पाप दडवून ठेवले तोवर त्याची हाडे झिजत होती आणि कबूल केल्यावर ओझे उतरले.

"जागे राहा" म्हणजे रात्रभर जागून प्रार्थना करायची का?

रात्रीच्या प्रार्थनेला जागा आहे; येशूनेही डोंगरावर रात्रभर प्रार्थना केली (लूक ६:१२). परंतु जागृती हा त्याहून व्यापक विषय आहे, आणि जागल केलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. तुरीच्या शेंगा भरू लागल्या की रानडुकरे आणि रोही (नीलगाई) वावरात उतरतात, आणि शेतकरी मचाणावर जातो. तो रात्रभर ओरडत बसत नाही. बॅटरी हाताशी ठेवतो, मधूनच डबा वाजवतो, धुऱ्याकडे पाला खसखसला की कान देतो. कळप बहुधा पहाटेच्या सुमारास शिरतो, जेव्हा थंडीने चादर अंगाभोवती घट्ट ओढली जाते आणि जागल्याचा डोळा लागतो; सकाळी उठून पाहावे तर चार ओळी लोळवलेल्या असतात. आत्मिक जीवनातही मोह आपण सावध असताना येत नाही. थकवा आणि राग असताना, हातात नुकताच पैसा आला असताना किंवा सगळे ठीक चालले आहे असे वाटत असताना तो येतो.

गेथशेमाने बागेत येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना जागे राहून प्रार्थना करायला सांगितले आणि तीन वेळा येऊन पाहिले, तर ते झोपलेले होते. आत्मा उत्सुक आहे, पण देह अशक्त आहे, असे तो त्यांना म्हणाला (मत्तय २६:४१). त्याच रात्री कोंबडा आरवण्यापूर्वी पेत्राने तीनदा त्याला नाकारले. प्रार्थना चुकली ती संध्याकाळी, आणि पडणे झाले पहाटे. या दोन गोष्टींमधले नाते ज्याने ओळखले त्याला "जागे राहा आणि प्रार्थना करा" ही आज्ञा एकत्र का दिली हे कळले. पुढे याच पेत्राने सावध राहा, जागे राहा, तुमचा शत्रू सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरत आहे, असे मंडळ्यांना लिहिले (१ पेत्र ५:८).

यरुशलेमेचा कोट बांधताना शत्रू चालून येणार हे कळले तेव्हा नहेम्या आणि त्याच्या माणसांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला (नहेम्या ४:९). दारूचा मोह असलेल्या माणसाने प्रार्थना करावी आणि बाजाराच्या दिवशी भट्टीवरून जाणारी वाटही बदलावी. मोबाइलवर रात्री नको ते पाहिले जात असेल तर प्रार्थना करावी आणि फोन पुढच्या खोलीत ठेवून झोपावे.

हंगामात प्रार्थनेला वेळच मिळत नाही. काय करावे?

दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे (दानीएल ६:१०) आणि स्तोत्र ५५:१७ मध्ये संध्याकाळ, सकाळ आणि दुपार यांचा उल्लेख आहे. परंतु देवाने तासांची यादी लावून दिलेली नाही. कृषिपंपाची लाइट ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात मध्यरात्री हरभऱ्याला पाणी देणाऱ्या माणसाने पहाटे पाच वाजता उठून प्रार्थना केलीच पाहिजे असा हट्ट धरणे योग्य नाही. एक दांड (पाण्याचा पाट) भरेपर्यंतचा वेळ त्याच्यापाशी असतो. तेथे उभे राहून प्रभूची प्रार्थना सावकाश, एकेका वाक्यावर थांबत म्हणता येते. निंदणाला जाणाऱ्या बायांनी पाठ असलेले एखादे स्तोत्र किंवा ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे एखादे भजन काम करता करता म्हणावे. दिवसातली एक वेळ मात्र ठरलेली असावी, मग ती दहा मिनिटांची का असेना, कारण जमेल तेव्हा करू असे म्हटलेले बहुतेक वेळा जमत नाही.

प्रार्थनेत मन भरकटते आणि झोप येते.

येशूच्या जवळच्या शिष्यांनाही आली. बसून येत असेल तर उभे राहावे, मनातल्या मनात येत असेल तर मोठ्याने प्रार्थना करावी, आणि मन ज्या विषयाकडे पळते, मग ते सोसायटीचे कर्ज असो की लेकीचे लग्न, तोच विषय देवापुढे ठेवावा.

पुष्कळ प्रार्थना करूनही उत्तर नाही. देवाने तोंड फिरवले आहे का?

पौलाने आपल्या देहातला काटा दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा गेला नाही. माझी कृपा तुला पुरे, असे उत्तर आले (२ करिंथ १२:७-९). स्वतः येशूने हा प्याला टळून जावो असे मागितले आणि तो टळला नाही. या दोघांवर देव नाराज होता असे कोणी म्हणणार नाही. मागणे नाकारले जाणे आणि माणूस नाकारला जाणे या एक गोष्टी नव्हेत. दुसऱ्या बाजूने, येशूने अन्यायी न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा खेटे घालणाऱ्या विधवेचा दाखला दिला (लूक १८:१-८), तो खचून न जाता मागत राहावे म्हणूनच दिला. तहसील कार्यालयाच्या फेऱ्या मारलेल्या कोणालाही ती विधवा ओळखीची वाटेल. मात्र देव त्या न्यायाधीशासारखा नाही, हा दाखल्याचा गाभा आहे.

शिस्त स्वीकारायची म्हणजे देवापुढे तक्रार करायचीच नाही का?

करावी. स्तोत्र ८८ आरंभापासून शेवटपर्यंत अंधारातच आहे, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. येशूने आपल्या देहाच्या दिवसांत मोठ्याने आक्रोश करत, अश्रू गाळत प्रार्थना केल्या, आणि पुत्र असूनही सोसलेल्या दुःखांतून तो आज्ञापालन शिकला (इब्री ५:७-८). रडणे आणि आज्ञा पाळणे ही दोन्ही लागोपाठच्या वचनांत शेजारी-शेजारी आहेत. देवाविषयी इतरांकडे कुरकुर करत राहणे आणि देवाकडे जाऊन रडणे यात मात्र फरक आहे. पहिल्याने मन कडवट होते, दुसऱ्याने ते देवाजवळ राहते.

कुळदैवत सोडले म्हणून घरावर कोप झाला, असे नातेवाईक म्हणतात. त्यांना काय सांगावे?

वाद घालू नये. आपल्या आशेचे कारण विचारणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यावे, असे १ पेत्र ३:१५ सांगते. नारायण वामन टिळकांचा काही काळ नागपुरात गेला होता. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा घरावर आभाळ कोसळले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, आणि पुढे १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ती वर्षे भांडणात जिंकून सरली नाहीत. काकांच्या घरी आजारपण असेल तर डबा घेऊन जावे, लग्नात राबावे, आणि विचारले तर शांतपणे सांगावे की, आमचा देव आमच्यावर टपून बसलेला नाही.

आजारपणात दवाखान्यात जाणे हा अविश्वास आहे का?

नाही. पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता (कलस्सै ४:१४). अचलपूरजवळच्या कोठारा येथे कुष्ठरुग्णांसाठी आणि पांढरकवड्याजवळच्या उमरी येथे ख्रिस्ती सेवकांनी दवाखाने चालवले. ते प्रार्थना करणारेच लोक होते. साप चावला तर मांत्रिकाकडे जाऊ नये आणि घरात प्रार्थनासभा भरवून वेळही घालवू नये. ज्या गाडीतून ग्रामीण रुग्णालयात न्यायचे त्या गाडीतच प्रार्थना करावी. क्षयाच्या गोळ्या कोणा प्रचारकाच्या सांगण्यावरून मध्येच बंद करू नयेत.

नवरा मारतो आणि बायबलमध्ये शिस्त लावायला सांगितले आहे असे म्हणतो.

असे बायबलमध्ये कोठेही सांगितलेले नाही. पतींनी पत्नीवर प्रीती करावी, तिच्याशी कठोरपणे वागू नये, अशी स्पष्ट आज्ञा आहे (कलस्सै ३:१९). इब्री बाराव्या अध्यायातली शिस्त देव लावतो. नवऱ्याला ती वाटून दिलेली नाही. मार सहन करणे म्हणजे देवाची शिस्त स्वीकारणे असे ज्या बाईला कोणी सांगितले असेल, तिने ते मनातून काढून टाकावे. महिला मदत क्रमांक १८१ आणि पोलिसांसाठी ११२ हे क्रमांक जवळ ठेवावेत, आणि मंडळीतल्या वडिलांनी अशा वेळी घर सावरण्याचा उपदेश करण्यापूर्वी तिच्या सुरक्षिततेची सोय करावी.

पाळकाने किंवा पंचांनी सभेत एखाद्याचे पाप सांगणे योग्य आहे का?

येशूने क्रम घालून दिला आहे: आधी एकट्याने एकट्याशी बोलावे, मग एक-दोघांना बरोबर घ्यावे, आणि त्यानंतरच मंडळीला सांगावे (मत्तय १८:१५-१७). पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर जाणे हा शिस्तीच्या नावाखाली केलेला अपमान आहे, आणि लहान गावात तो अपमान पुढच्या पिढीपर्यंत पुरतो.

मन पार खचले आहे, जगावेसे वाटत नाही. हे पाप आहे का?

एलीया रानात झाडाखाली बसून देवाकडे मरण मागत होता (१ राजे १९). देवाने त्याला त्या वेळी एका शब्दानेही झिडकारले नाही. त्याला झोपू दिले, देवदूताकरवी भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खायला दिले. बोलणे त्यानंतर झाले. ज्याचे मन असे खचले आहे त्याने हे कोणा एका माणसाला आजच सांगावे. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मोफत बोलता येते.

शेजारी राहणाऱ्या विश्वासीयांसाठी जागृतीचा अर्थ येथे अगदी साधा आहे. ज्या घरी कर्ज थकले आहे आणि कर्ता पुरुष बोलेनासा झाला आहे, त्या घरी संध्याकाळी जाऊन बसावे, कीटकनाशकाचे डबे तेथून काढून आपल्या घरी कुलपात ठेवावेत, रात्री त्याला एकटे सोडू नये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर डॉक्टरकडे जावे. त्याच्या दुःखाचे कारण त्याला समजावून सांगू नये.

घरच्या प्रार्थनेत हा विषय घ्यायचा झाल्यास काय वाचावे?

पहिल्या संध्याकाळी इब्री १२:१-१३ वाचावे आणि घरातल्या लहान मुलालाही त्यातले काय कळले ते विचारावे. नंतर स्तोत्र ३२, मत्तय २६:३६-४६, लूक १३:१-९ आणि हबक्कूकाचा तिसरा अध्याय एकेका दिवशी घ्यावा. लुकाच्या तेराव्या अध्यायात बुरुजानंतर लगेच फळ न देणाऱ्या अंजिराचा दाखला आहे, जेथे माळी मालकाला म्हणतो की, हे एवढे वर्ष राहू द्या, मी याच्याभोवती खणतो आणि खत घालतो. तो भाग वगळू नये.